कुळथाला गाठी का नव्हत्या

१६ नोव्हेंबर, रविवार
काकीला बघून आले. खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. वॉकर धरून पडवीपर्यंत येते आणि येता येता सगळ्यांशी भांडते. सुहास तिचा एकुलता एक, तो तिच्यापेक्षा जास्त घाबरलेला. सारखं "आये, बस, आये, बस."

शिरोड्याच्या अलीकडचं ते खालचं शेत सुहास भरून घेणार म्हणे. मुरूम टाकायचा आणि वर पर्यटकांसाठी चार खोल्या. आहेत त्या दोन पुरत नाहीत. सातबारा काकीच्या नावावर आहे, तिने गणपतीतच हो म्हटलं. मी आपलं बोलायचं म्हणून बोलले, परत कुळीथ का नाही पेरत?

"कुळीथ खंयचो? तूच नाय सांगलंस, माज्या मातयेत काय नाय म्हणान?"

मी हसले. अकरा वर्षं झाली त्याला, माझ्या पीएच.डी.च्या वेळची गोष्ट. मग ती चहा फुंकत सहज म्हणाली, "आणि तू येतलंस म्हणान मी त्या कोपऱ्यात तीन पाटी पेडवे सुकवून, कुटून घातलेलंय. तुज्या परीक्षेत काय कमी पडाक नको. तरी तुजी झाडां नापास!"

सुहास हसला, त्याची बायको हसली. मीही हसले असणार. मासळीचं खत, आणि नेमकं त्याच कोपऱ्यात. घरी कुडाळला येईपर्यंत गाडी कुठल्या रस्त्याने आणली ते आठवत नाही.

१७ नोव्हेंबर
कॉलेजला रजा टाकली. माळ्यावरून पीएच.डी.ची ट्रंक काढली. झुरळांनी अर्ध्या वह्या खाल्ल्यात, नेमकी ही एक शाबूत.

काकीच्या शेताचं पान. चाळीस झाडं उपटली होती. पुढे लिहिलंय: पानं गर्द हिरवी, वाढ जोमदार. मुळांवर गाठी नाहीत. "नाहीत" खाली दोन रेघा. सापडलं काहीतरी म्हणून आनंद झाला होता मला, तो त्या रेघांत दिसतो.

त्याच पानावर वर छापील रकाना: शेतात घातलेलं खत. त्यात माझ्या अक्षरात: नाही.

विचारलं होतं का मी? तो दिवस डोळ्यांसमोर आणते. टोपी, पिशव्या, लेबलं, सुहासने धरलेली टिकाव. काकी घरात होती. रकाना मीच भरला. आजूबाजूच्या सगळ्या शेतांत कुळथाला कोणी खत घालत नाही, भात कापलं की ओलीवर टाकतात आणि विसरतात. म्हणून इथेही नाही. इतकं सोपं.

कुळीथ हवेतला नायट्रोजन स्वतः घेऊ शकत नाही. मातीतल्या जिवाणूंना मुळांत गाठी बांधून राहायला जागा देतो, साखर देतो, ते त्याला नायट्रोजन देतात. पण गाठी पोसणं महाग पडतं. म्हणून मूळ आधी वर पानाकडे निरोप पाठवतं, आणि मातीतच आयतं मिळत असेल तर पान खाली कळवतं, नको, पुरे. मग जिवाणू कितीही असोत, गाठ धरत नाही. आणि पेडव्यांसारख्या बारक्या सुक्या मासळीच्या चुऱ्यात आयतं किती असतं ते ती खाऊन वाढलेल्या माडाला विचारा.

हे मी एस. वाय.च्या पोरांना दरवर्षी शिकवते. दरवर्षी! फळ्यावर बाण काढून.

आणि मी काय लिहिलं? "या पुळणवट पट्ट्यातील मातीत कुळथाशी जुळणारे जिवाणू नाहीत." प्रबंधात तेच, पेपरात तेच. आणि काकीच्या खळ्यात उभी राहून तेच, शुद्ध भाषेत, ऑफिसात बोलतात तसं.

२३ नोव्हेंबर, रविवार
गेले. सांगायचं ठरवून गेले होते. नाही सांगितलं.

शेतात मात्र उतरले. गवत कमरेएवढं, बांधावर रानमुगाच्या वेली. म्हणजे राहायला जागा होती तर जिवाणूंना, कुळीथ गेला तरी. डबाभर माती घेतली. सु. वरून ओरडला, "ताई, माती कित्याक गो?"
"कॉलेजात लागता."
ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. जेसीबी पाच जानेवारीला येणार आहे, त्याने आपणहून सांगितलं.

काकीला एवढं तरी विचारलं, कुळीथ नक्की कधी सोडलास? ती म्हणाली, "तू सांगलंस माती खराब, मगे मी दुसऱ्या वर्सा सगळ्या शेतात पेडवे घातलंय. येली ह्यो वाढल्यो! पानांत माणूस दिसना नाय. शेंगो मोजून चार. तेवाच समाजला, शिकलेला माणूस खोटा बोलणा नाय."

त्याच वर्षी काका गेले. तिने परत पेरलं नाही.

जेवायला कुळथाची पिठी होती. पीठ फोंडाघाटच्या बाजारातलं, सु. आणतो. हिच्या हातचं कुळथाचं पीठ डबे भरभरून मुंबईला जायचं, आत्याकडे, मावशीकडे, शेजारणींच्या लेकींकडे. आता ही विकतचं खाते आणि प्रत्येक घासाला "ह्येका चव नाय" म्हणते. मी वाटी चाटूनपुसून खाल्ली.

२९ नोव्हेंबर
प्रयोग लावला. वाळू घरच्या कुकरात शिजवली, वीस शिट्ट्या, आत काही जिवंत राहायला नको. कागदी कप. तीन रांगा, प्रत्येकी दहा:
१. वाळू + काकीची माती चिमूटभर
२. नुसती वाळू
३. वाळू + तीच माती + सुके पेडवे कुटून

तिसरी रांग लावायची गरज काय, असं स्वतःला दोनदा विचारलं. उत्तर माहीत होतं. चूक नुसती कळून पुरत नाही, ती माझ्या डोळ्यांनी बघायची आहे.

चार आठवडे. २७–२८ डिसेंबर. जेसीबीच्या आधी आठवडाभर. हिशोबात बसतं.

७ डिसेंबर
सगळे उगवले. लॅबमधले मामा संतापलेत. पेडव्यांच्या वासावर मांजरं येतात, दोन खिडकीत आणि एक थेट ओट्यावर. "मॅडम, ही लॅब आहे की मासळीबाजार?" त्यांना काय सांगू. कपांवर जाळी बांधली. एक कप मांजराने पाडला, नशिबाने दुसऱ्या रांगेतला.

काकीला फोन केला. चालणं सुधारतंय. "तू माती न्हेलंस म्हणता सुहास. आता कसली परीक्षा तुजी, म्हातारपणी?" मी म्हटलं, असंच. लहानपणी चोरून कैऱ्या खाल्ल्यावरही तिला मी "असंच" सांगायचे आणि तिला ते लगेच कळायचं.

२१ डिसेंबर
दुसरी रांग पिवळी पडली. पहिली मध्यंतरी पिवळसर होती, आता सावरते आहे. तिसरी तर माजल्यासारखी हिरवी. उपटायचा मोह होतो. थांबले.

कोणी बघायला आलं की म्हणतात, मॅडम तिसरी रांग झकास! काकीच्या कोपऱ्यात मीही हेच म्हटलं असणार.

२८ डिसेंबर, रविवार
उपटले. सकाळी नऊला सुरुवात, एकटी.

पहिली रांग: दहाच्या दहा झाडांना गाठी. मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या. ब्लेडने कापल्या, आत गुलाबी. गुलाबी म्हणजे काम करणाऱ्या, पोटात नायट्रोजन बनतोय. प्रत्येक झाडाची एक तरी कापून बघितली. एकही पांढरी नाही, एकही हिरवी नाही.
दुसरी: नऊ झाडं, एकही गाठ नाही. पिवळी.
तिसरी: उंच, गर्द हिरवी, मुळं धुतल्या दोऱ्यासारखी साफ. दोन झाडांवर मिळून तीन बारक्या गाठी.

तिसऱ्या रांगेचा फोटो काढला आणि वहीतल्या जुन्या फोटोशेजारी धरला. तारखा झाकल्या तर कोणता कुठला सांगता येणार नाही.

वाईट वाटलं. नाही, वाईट म्हणणं म्हणजे स्वतःला सांभाळून घेणं. लाज वाटली. तिची माती चांगली होती. अकरा वर्षं चांगली होती, माझ्या शब्दावर ती तिला वाईट समजत राहिली, आणि मी गावाला गेले की तिच्या हातचं जेवून येत राहिले.

पुण्याला सरांना, माझ्या पीएच.डी.च्या गाईडना, फोन केला. निवृत्त झालेत, पण कान तसाच तिखट. सगळं ऐकून म्हणाले, "एका प्रयोगावर बोलू नकोस. परत लाव, मग बघू." नियम बरोबरच आहे. परत लावायचा तर चार आठवडे. जेसीबी आठ दिवसांनी.

परत माती भिजवली. परत कप मांडले. फोन केला नाही.

४ जानेवारी, रविवार
आज जायला हवं होतं. प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत बसले. वह्या उद्याही तपासता आल्या असत्या.

दुपारी सु.ला फोन केला. "काम उद्याच ना?" "होय गो, सकाळी आठाक. मुरमाचे चार डंपर सांगलंय." मी म्हटलं, "बरं."

नुसतं बरं. एवढं तोंडातून निघालं आणि पुढचं निघालं नाही. फोन ठेवल्यावर कारणं जुळवत बसले. पहिलं, दुसरा प्रयोग पुरा व्हायचाय. दुसरं, सांगितलं तर काकीला कळणार की तिच्याच पेडव्यांनी घात केला, इतक्या मायेने घातलेल्या. खरं कारण तिसरं. माझ्या नावाच्या आधी जे डॉ. लागतं ते त्या चाळीस झाडांवर उभं आहे.

लिहिलं एकदाचं. इथे लिहायला काय जातं.

६ जानेवारी
सु.ने फोटो पाठवले. लाल मुरूम, वरून रोलर फिरलेला, सपाट. खाली अंगठा वर केलेलं चित्र. बांधही गेला, रानमूगही गेला.

बैल गेला आणि झोपा केला. आता जाऊन सांगणार. आता का? कारण आता सांगून कोणाचं काही थांबणार नाही, म्हणून हिंमत होते आहे. ही असली माझी हिंमत.

११ जानेवारी, रविवार
सांगितलं.

पडवीत काकी खुर्चीत, मी पायरीवर. सु. बाजाराला गेलेला. मुळं सोबत नेली होती, कागदात गुंडाळून, पहिल्या आणि तिसऱ्या रांगेची. गाठी दाखवल्या. तिने चष्मा मागितला, मूळ नखाने चाचपलं. "ह्यो तर आमच्या कुळथाक आसायच्यो. उपटताना हाताक लागायच्यो." म्हणजे तिने पाहिल्या होत्या. वर्षानुवर्षं तिच्या बोटांना लागत होत्या.

मी सगळं सांगितलं. आयतं मिळालं की झाड गाठी धरत नाही, त्या कोपऱ्यात म्हणून नव्हत्या, बाकी शेतात असणारच होत्या, मी फक्त तो कोपरा खणला. दुसऱ्या वर्षीच्या वेलींचंही तेच. माती कधीच खराब नव्हती.

तिने तिसऱ्या रांगेचं साफ मूळ उचलून उजेडात धरलं.

"म्हंजे मीच घाण केलंय."

मी म्हटलं नाही, नाही, चूक माझी, काकी, तू मायेन घातलंस, चूक माझी. तीन-चारदा म्हटलं. ती म्हणाली, "तुजा काय चुकला तां तू बघ. माजा माका कळला." मग सुनेला हाक मारून चहा मागितला. एकच कप.

निघताना वाकून नमस्कार केला. डोक्यावर हात ठेवला तिने, पण नेहमीसारखं "सावकाश जा गो, रस्तो वायट" म्हणाली नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
सकाळपासून गोड गोड बोलायचे फोन. अकराला काकीचा. सु.च्या बायकोने लावून दिला असणार, मागून तिचा आवाज येत होता. मला वाटलं, तिळगूळ म्हणेल.

"नंदा, एक सांग माका. तू त्या दिसा इचारलंस कित्याक नाय? काय घातलास म्हणान? मी थंयच होतंय. चुलीकडे."

मी म्हटलं, मला वाटलं कुळथाला कोणीच काही घालत नाही. मग म्हणाली, "बरां, ठेव."

खरंच होती ती. खणून झाल्यावर मी हात धुवायला तिच्याकडेच गेले होते. तिने तांब्या ओतला. रकाना तेव्हा कोरा होता, तो मी परतताना एसटीत भरला.

२० जानेवारी
पेपरात दुरुस्ती छापायला हवी. मजकूर सरांना वाचून दाखवला. ते म्हणाले, एवढं कशाला पसरतेस, एक ओळ पुरे: "शेतकऱ्याने खतवापराची माहिती दिली नाही."

मी म्हटलं, सर, दिली नाही असं कसं, मागितलीच नव्हती.
"अगं, सगळे असंच लिहितात."
"ती शेतकरी माझी काकी आहे."
"म्हणून तर म्हणतो, नाव थोडंच येणार आहे तिचं."

आयुष्यात पहिल्यांदा सरांवर आवाज चढवला. ते म्हणाले, तुझं तू ठरव. त्यांचंही नाव आहे त्या पेपरवर. त्यांना झोंबणार. झोंबू दे.

२५ जानेवारी
दुसऱ्या खेपेचे कप उपटले. निकाल तोच. गुलाबी.

पत्र पाठवलं. "संशोधकाने खताविषयी विचारणा न करता रकाना भरला. निष्कर्ष मागे घेण्यात येत आहे." दोन ओळी लिहायला पाच दिवस लागले. प्राचार्यांनाही प्रत दिली. त्यांनी वाचून माझ्याकडे असं बघितलं, जणू मला ताप आलाय.

उत्तर अजून नाही. येईल तेव्हा येईल. काय करतील, डॉ. काढून घेतील? घेऊ देत. असं लिहिते आहे, पण दुपारपासून चारदा मेल उघडून बघितला.

१ फेब्रुवारी, रविवार
सु. इथे कुडाळला आला होता, सिमेंटचं काही बघायला. घराच्या गेटपाशी उभा. चहा नको म्हणाला. सु. चहा नको म्हणतो म्हणजे काय ते मला कळलं.

"ताई, आयेन माका सगळा सांगल्यान. चार तारखेक तू फोन केललंस. तेवा तुका ठावक होता?"
होतं, म्हटलं.
"मगे त्याच फोनात एक वाक्य बोलूचा होता. माका काय गो, खोलयो घरामागच्या मांगराच्या बाजूक बांधलंय आसतंय. जागा थंयसरय आसा. माका वाटला आयेक त्या शेताचा काय नाय, म्हणान मी तां घेतलंय."

तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. मी विचारलं, मुरूम काढता येईल का? तो म्हणाला, "रोलर फिरवलो गो त्येच्यावर."

म्हणाला, आई जेवते, चालते, औषधं घेते. पण पिठी करू नको म्हणून सांगितलंय तिने घरात. नको म्हणजे नको.

८ फेब्रुवारी, रविवार
न बोलावता गेले. काकी पडवीत होती, मला बघून म्हणाली, "इलंस?" आणि सु.ला म्हणाली, "माका खाली व्हर, शेताकडे." ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. सु. नको नको म्हणत होता, ती ऐकेना. गाडीने रस्त्यापर्यंत नेलं, पुढची वीस पावलं वॉकरने. मी मागे.

मुरमाच्या कडेला उभी राहिली. वॉकरचे पाय त्यात रुतत नव्हते, इतकं घट्ट झालंय. चारही खोल्यांच्या चुन्याच्या रेघा मारून तयार.

"कितक्या खाली गेली गो ती माती?"
"दोन हात, काकी."
"आणि ते तुजे गाठीतले किडे? ते जिते आसतले अजून?"

मी उत्तर शोधलं. वर दाबलेला मुरूम, खाली हवा जेमतेम, पावसात पाणी तुंबणार, यजमान झाड नाही. काही वर्षं टिकतात असं वाचलंय, असल्या थराखाली कोणी मोजलेलं माझ्या वाचनात नाही. हो म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. नाही म्हटलं असतं तर विषय संपला असता.

"माका ठावक नाय, काकी."

ती माझ्याकडे वळली. आज पहिल्यांदा नीट बघितलं तिने माझ्याकडे.

"ठावक नाय, ह्यांच तेवा सांगलं आसतंस तर..."

सु.ने गाडी वळवून जवळ आणली. उतारावर मी हात पुढे केला. तिने वॉकरच धरला.